‘तपासलेला नाही’ असं लिहिलेला कमोडोर ६४ घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐंशीच्या दशकातला एखादा घरगुती संगणक घ्यायचा आहे, संग्रहाची सुरुवात म्हणून. समोर दोन पर्याय आहेत. पहिला कमोडोर ६४, जुन्या ‘ब्रेडबिन’ घडणीचा, म्हणजे पावाच्या डब्यासारख्या फुगीर कवचाचा. त्याच्याबरोबर मूळ खोकं, मूळ पॉवर सप्लाय, कॅसेट रेकॉर्डर आणि दोन जॉयस्टिक आहेत. जाहिरातीत लिहिलंय, ‘तपासलेला नाही’. दुसरा ४८ केचा (४८ किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम. तो कुणीतरी दुरुस्त करून चालू केलेला आहे, पण खोकं नाही आणि किंमत चढी. यातला कोणता घ्यावा, घरी आणल्यावर सरळ प्लग लावून बघावा का, आणि पुढेमागे यातून पैसे सुटतील का, असे तुमचे तीन प्रश्न. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलेलं नाही पण शिकायची तयारी आहे, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या उत्तराचा निम्मा भाग त्या वाक्यावर अवलंबून आहे.

मधला प्रश्न आधी घेते, कारण तिथे घाई झाली तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थच उरत नाही. मूळ पॉवर सप्लाय लावून बघू नका. ‘फक्त पाच सेकंद’ म्हणूनसुद्धा नको.

कमोडोर ६४ ला दोन वेगवेगळे पुरवठे लागतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. दोन्ही पॉवर सप्लायच्या त्या जड ठोकळ्यातून येतात. आत ट्रान्सफॉर्मर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग) असतो, आणि बहुतेक ठोकळ्यांत हे सगळं इपॉक्सी ओतून बुजवून टाकलेलं असतं. त्यामुळे उष्णता आतच कोंडते आणि दुरुस्तीसाठी उघडायची सोय नाही. वर्षानुवर्षं तापून तापून रेग्युलेटर बिघडतो, आणि बिघडतो तोही वाईट पद्धतीने: बंद पडायचं सोडून ५ च्या जागी जास्त व्होल्टेज सोडायला लागतो. संगणकात फ्यूज आहे, पण तो ९ व्होल्टच्या बाजूला. ५ व्होल्टच्या वाटेवर अडवणारं काहीच नाही. रॅमच्या चिप्स पहिल्यांदा जातात, मग इतर जे तावडीत सापडेल ते.

मल्टिमीटर असेल तर ठोकळा संगणकाला न जोडता मोजता येतो. ५.२५ व्होल्टच्या वर आकडा गेला की ठोकळा बाद, यात वाद नाही. गोची अशी की ५.१ दिसलं म्हणून तो पास होत नाही. थंड असताना बरोबर व्होल्टेज देणारा ठोकळा भार घेऊन अर्धा तास तापल्यावर कसा वागेल, हे त्या मोजणीतून कळत नाही. म्हणून मी मूळ ठोकळा खोक्यात संग्रहाचा भाग म्हणून ठेवते आणि मशीन नव्या, खास कमोडोरसाठी बनवलेल्या पॉवर सप्लायवर चालवते. व्होल्टेज वाढलं की पुरवठा तोडणारी छोटी संरक्षक सर्किटंही मिळतात. ती ठोकळा आणि संगणक यांच्या मध्ये बसतात. काहीही निवडा, पण हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरा. तो ऐच्छिक नाही.

याच कारणाने विकणाऱ्याला ‘जरा चालू करून दाखवता का?’ असं विचारू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण माळ्यावरून काढलेल्या मशीनला सगळ्यात मोठा धोका असतो तो विक्रीआधी कुणीतरी कौतुकाने लावलेल्या प्लगचा. ‘तपासलेला नाही’ हे खरंच खरं असेल, तर ते तुमच्या फायद्याचं आहे. पण ते खरं असेलच असंही नाही. सगळ्या केबली, ठोकळा आणि टीव्ही समोर असताना मशीन चालू करून बघायचा मोह माणसाला आवरत नाही. बघितलं, काळा पडदा दिसला आणि मग ‘तपासलेला नाही’ लिहिलं, असं पुष्कळदा घडतं. विकणारा प्रामाणिक आहे की नाही याचा शोध घेत बसू नका. ‘तपासलेला नाही’ म्हणजे ‘बंद आहे’ असं धरा आणि बंद मशीनची किंमत द्या. चालू निघाला तर तुमचं नशीब.

‘चालू आहे, लाल दिवा लागतो’ या वाक्यावरही विसंबू नका. कमोडोरचा तो दिवा थेट ५ व्होल्टवर लागतो. प्रोसेसर, रॅम, चित्र काढणारी चिप, सगळं मेलेलं असलं तरी दिवा तितक्याच उत्साहाने पेटतो. खरा पुरावा म्हणजे पडद्याचा फोटो. चालू केल्यावर दोन-तीन सेकंद थांबून (तेवढ्यात मशीन स्वतःची रॅम मोजत असतं) निळ्या पडद्यावर फिक्या निळ्या अक्षरांत मजकूर येतो आणि त्यात ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळ असते. तिथे आकडा कमी दिसला तर रॅममध्ये कुठेतरी दोष आहे.

मग न लावता तपासायचं कसं? झाकण उघडून. ब्रेडबिनच्या तळाशी पुढच्या कडेला तीन स्क्रू असतात. ते काढले की वरचा भाग कीबोर्डसकट मागे कलतो. कीबोर्डची आणि दिव्याची केबल सांभाळायची एवढंच. काही मशीनमध्ये बोर्डावर पुठ्ठ्याला चिकटवलेली ॲल्युमिनियमची चकाकी दिसेल. ती रेडिओ लहरी अडवण्यासाठी आहे आणि उष्णता कोंडून धरते. ती बाजूला केली की खाली पूर्ण बोर्ड दिसतो. विकणाऱ्याकडून या बोर्डाचा नीट प्रकाशातला, चिप्सवरची अक्षरं वाचता येतील असा फोटो मागा. जो माणूस एवढंही करायला तयार नाही, त्याच्याकडून ‘बंद’च्या किमतीतही घेऊ नये असं माझं मत आहे.

त्या फोटोत पहिल्यांदा बघा, एखादं सॉकेट रिकामं आहे का. सगळ्यात जास्त पळवली जाते ती एसआयडी, म्हणजे आवाजाची चिप. बॉब यानेस यांनी ती बनवली. पुढे एन्सोनिक ही सिंथेसायझरची कंपनी काढणाऱ्यांत तेही होते. त्या चिपचा आवाज संगीतवाल्यांनाही हवा असतो, त्यामुळे ती वेगळी विकली तर चांगली किंमत येते आणि उरलेलं धूड ‘तपासलेला नाही’ म्हणून खपवलं जातं. ब्रेडबिनमध्ये ६५८१ असा आकडा असलेली चिप दिसली पाहिजे. नंतरच्या पांढरट, चपट्या ६४ सीमध्ये बहुधा ८५८० असते. नकली एसआयडीही बाजारात फिरतात, दुसऱ्याच चिपवर नवे आकडे छापून.

दुसरं बघायचं ते तारखा. एमओएसच्या (कमोडोरच्याच मालकीच्या चिप कंपनीच्या) चिप्सवर नावाखाली चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. ‘३८८४’ म्हणजे १९८४ चा ३८ वा आठवडा. एका मशीनमधल्या चिप्सच्या तारखा साधारण काही महिन्यांच्या अंतरात असतात. सगळ्या १९८४ च्या आणि एकच १९८७ ची दिसली, तर ती नंतर बदललेली आहे, म्हणजे मशीन एकदा तरी दुरुस्तीला जाऊन आलं. यात वाईट काही नाही. उलट कुणीतरी त्याची काळजी घेतली होती असाही अर्थ निघतो. फक्त ‘कारखान्यातून आला तसाच’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर हा फोटो समोर ठेवायचा.

आता समजा मशीन घेतलं, नवा पॉवर सप्लाय लावला आणि पडदा काळाच राहिला. घाबरू नका, हा या मशीनचा सगळ्यात ओळखीचा आजार आहे आणि संशयितांची यादीही ठरलेली आहे: ९ व्होल्टचा फ्यूज, पीएलए, रॅम. फ्यूज दोन मिनिटांत कळतो. पीएलए ही चिप बाकीच्या चिप्सपैकी कुणाची पाळी कधी हे ठरवते. ती चांगलीच तापते आणि लवकर मरते, पण तिची नव्याने बनवलेली पर्यायी चिप मिळते. रॅमसाठी माझी जुनीच पद्धत आहे. मशीन दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं आणि रॅमच्या आठही चिप्सना बोट लावून बघायचं. रॅम कोमट असायला हवी. एकीने चटका दिला तर दोषी बहुधा तीच. (चित्राची चिप, एसआयडी आणि पीएलए तापतातच, त्यांना बोट लावून निष्कर्ष काढू नका.) याशिवाय ‘डेड टेस्ट’ नावाची कार्ट्रिज (मशीनच्या मागे खोचायची तपासणीची डबी) असते, रॅम खराब असेल तर ती पडदा ठरावीक वेळा लुकलुकवते आणि त्या मोजणीवरून आठांपैकी कोणती चिप ते कळतं. सगळंच मेलेलं असताना ती मदत करत नाही, पण तशी वेळ कमी येते.

इथे तुमच्या सोल्डरिंगचा मुद्दा येतो. पीएलए पुष्कळदा सॉकेटमध्ये असते, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने अलगद उचलून बदलता येते. रॅम बहुतेक वेळा थेट बोर्डाला सोल्डर केलेली असते. सोळा पायांची चिप काढायची म्हणजे सोळा भोकांमधलं शिसं शोषून घ्यायचं, आणि चाळीस वर्षं जुन्या बोर्डावर उष्णता जरा जास्त वेळ दिली की तांब्याची पट्टी बोर्डापासून सुटून वर येते. हे काम अवघड अजिबात नाही, पण पहिलं काम म्हणून ते नको. बिनकामाचा एखादा जुना बोर्ड मिळवा, कुठल्याही यंत्रातला चालेल, आणि त्यावरून चिप्स उतरवत बसा. पट्ट्या न उचलता चिप निघायला लागली की कमोडोरला हात लावा.

याच संदर्भात एक सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल: घरी आणल्याबरोबर सगळे कपॅसिटर बदलून टाका. मला हे पटत नाही. कमोडोर ६४ चे कपॅसिटर सहसा टिकतात, आणि चालू मशीनवर नवशिक्या हातांनी केलेली वीस-पंचवीस सोल्डरिंगं ही जुन्या कपॅसिटरपेक्षा मोठी जोखीम आहे. काही मशीनची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. अमिगा ६०० आणि १२०० मधले पृष्ठभागावर बसवलेले छोटे कपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात; तिथे बदलणं टाळू नये. अमिगा ५०० प्लसमध्ये तर बोर्डावर रिचार्ज होणारी बॅटरी आहे. ती गळली की अल्कली पसरते आणि हिरवट-निळ्या बुरशीसारखा थर आजूबाजूच्या पट्ट्या कुरतडत जातो. असं मशीन घेताना बॅटरीच्या कोपऱ्याचा फोटो पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पारदर्शक, पिवळसर कवचाचे कपॅसिटर असतात; कवचाला बारीक तडे जातात, आत ओल शिरते, आणि चाळीस वर्षांनी प्लग लावल्यावर काही मिनिटांत फट् आवाज होऊन खोलीभर घाण वासाचा धूर होतो. मशीन बहुधा त्यातून वाचतं, पण ते बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो. ही सगळी उदाहरणं देते ती यासाठी की ‘व्हिंटेज संगणक’ या नावाचा एकच प्राणी नाही. प्रत्येक मॉडेलची दुखरी जागा ठरलेली असते, आणि पैसे देण्याआधी ती माहीत करून घेणं हीच खरी तपासणी.

स्पेक्ट्रमची दुखरी जागा आहे त्याचा कीबोर्ड. रिक डिकिन्सन यांनी आखलेलं ते देखणं, रबरी बटणांचं कवच. पण खाली आहे प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर छापलेली मेम्ब्रेन. तिच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये खोचलेल्या असतात. उष्णतेने आणि वयाने त्या कुरकुरीत होतात, आणि झाकण उघडताना जरा ओढ बसली की नेमक्या वळणावर चिरतात. मग काही बटणं एकदमच मुकी होतात. नवी मेम्ब्रेन आजही बनते, बसवायला सोपी आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न: मेम्ब्रेन नवी आहे का? ‘मूळची आहे आणि चालते’ असं उत्तर आलं, तर ती कधीतरी जाणार हे धरून चाला.

दुसरा प्रश्न खालच्या रॅमचा. स्पेक्ट्रममधल्या पहिल्या १६ केच्या चिप्सना तीन वेगवेगळी व्होल्टेजेस लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. ती बनवणारा बोर्डावरचा छोटा भाग बिघडला की या चिप्स पटापट मरतात. दुरुस्त करणाऱ्याने फक्त चिप बदलली की बिघाडाचं मूळही शोधलं, हे विचारा. उत्तर देताना तो ट्रान्झिस्टर आणि कॉइलबद्दल बोलायला लागला, तर माणूस जाणकार आहे. वरच्या ३२ केची कहाणी मला फार आवडते. पुष्कळ स्पेक्ट्रममध्ये ते बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीने तिथे ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या चिप्स स्वस्तात घेऊन बसवल्या आणि त्यांचा चांगला अर्धाच वापरला. अशा काटकसरीमुळे २३ एप्रिल १९८२ ला जाहीर झालेलं ते मशीन १६ के १२५ पौंडांत आणि ४८ के १७५ पौंडांत देता आलं. त्याच वर्षी आलेल्या कमोडोरची किंमत ५९५ डॉलर होती.

स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. आज घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, मध्ये धन. ‘९ व्होल्ट आहे ना, चालेल’ म्हणून तसला लावला तर दुरुस्तीचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. आणि मूळ सिंक्लेअर अडॅप्टर मोकळा मोजला तर ९ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दिसतील. तो तसाच असतो, त्याला बाद करू नका.

चित्र कशावर बघणार, याचा विचारही आत्ताच करा. न बदललेला स्पेक्ट्रम फक्त अँटेनाच्या वाटेने चित्र देतो, ते टीव्हीच्या जुन्या ॲनालॉग ट्यूनरवरच दिसतं. दुरुस्तीवाल्याने बहुधा कंपोझिटची (टीव्हीच्या साध्या व्हिडिओ सॉकेटची) जोडणी करून ठेवली असेल. ती दोन-चार मिनिटांची आणि पूर्ववत करता येण्याजोगी गोष्ट आहे, तिला ‘छेडछाड’ समजू नका. कमोडोर मात्र मागच्या गोल सॉकेटमधून जास्त चांगलं चित्र देतो, आणि आठ पिनांचं सॉकेट असेल तर रंग आणि उजळपणा वेगळे काढता येतात. तरीही आधुनिक टीव्ही हा सिग्नल नीट ओळखेलच असं नाही, मग मध्ये कन्व्हर्टर लागतो. शिवाय कमोडोर पाल आहे की एनटीएससी (या टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती) हे पक्कं विचारा. युरोपातले बहुतेक गेम आणि डेमो ५० हर्ट्झच्या पाल मशीनसाठी लिहिलेले आहेत; एनटीएससीवर त्यातले काही अडखळतात, काही चालतच नाहीत. आणि मशीन दुसऱ्या देशातून येत असेल तर तिथल्या मेन्सचं व्होल्टेज वेगळं असू शकतं. नवा पॉवर सप्लाय घेतानाच ते बघून घ्या.

इथवरचं एकदा एकत्र सांगते. मूळ ठोकळा लावायचा नाही, ‘तपासलेला नाही’ला बंदची किंमत, बोर्डाचा फोटो पाहिल्याशिवाय व्यवहार नाही, स्पेक्ट्रम असेल तर मेम्ब्रेन, खालची रॅम आणि अडॅप्टर विचारायचे. आता राहिला तो कोणता घ्यायचा हा प्रश्न, आणि ते सर्वस्वी तुम्हाला त्याचं काय करायचंय यावर आहे.

फक्त जुने गेम खेळायचे असतील तर यातलं एकही घेऊ नका. इम्युलेटर फुकट आहेत आणि उत्तम आहेत. बटणं दाबायची हौस असेल तर २०१९ पासून मूळ आकाराची, नव्याने बनवलेली कमोडोरची प्रतिकृती मिळते. ती सरळ टीव्हीला जोडा आणि खेळा. निदान पंधरा दिवस इम्युलेटरवर घालवल्याशिवाय खरं मशीन घेऊ नये असं मी सगळ्यांनाच सांगते. काहींची हौस तिथेच फिटते. ज्यांची फिटत नाही, त्यांना आपल्याला नेमकं काय हवंय ते तोवर कळलेलं असतं.

शोकेसमध्ये ठेवायला हवा असेल तर खोकं, स्टिकर, पुस्तिका यांना मोल आहे आणि चालू असण्याला कमी. चालवायला आणि जपायला हवा असेल तर उलट. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही दुसऱ्या गटातले वाटता, म्हणून पुढचं त्या अंदाजाने लिहिते.

पैशांचं म्हणाल तर, कमोडोर ६४ हा सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या संगणकांपैकी एक आहे. विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून १ कोटी ७० लाखांपर्यंत जातात. स्पेक्ट्रमही पन्नास लाखांच्या घरात. दुर्मीळ म्हणायचं तर १९७६ चा ॲपल-१: सुमारे २०० बनले, आणि त्यातला एक २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ९,०५,००० डॉलरला हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला. अशा बातम्या वाचून लोक माळ्यावरच्या कमोडोरवर अवाच्या सवा किंमत लावतात. पॉवर सप्लाय, दुरुस्ती, कन्व्हर्टर आणि जागा यांचा हिशेब मांडलात तर साध्या मशीनमधून पैसे सुटले तरी पुष्कळ झालं. गुंतवणूक म्हणून बघायचं असेल तर हा नाद लावून घेऊ नका.

पिवळेपणाबद्दलही तुम्ही काळजीने लिहिलंय. ती करू नका, निदान पहिल्या वर्षी नको. त्या काळच्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग लवकर लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालत. ऊन आणि उष्णता यांनी ते पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, पण घाई झाली तर ढगांसारखे पांढरे पट्टे उमटतात आणि ते मात्र कायमचे राहतात. शिवाय घालवलेला पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. बटणं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, कवच ओल्या फडक्याने पुसा, कनेक्टर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करा. एवढ्यानेच निम्मं रूप पालटतं. कवच कापून नवी सॉकेटं बसवणं मला अजिबात मान्य नाही. जो बदल उलट फिरवता येतो तोच करायचा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवायचा.

खोक्याचा मोह आहेच, तर त्यातली एक खोच सांगते. आतल्या थर्माकोलच्या साच्यात केबल वर्षानुवर्षं टेकून राहिली, तर केबलचं पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन थर्माकोलमध्ये उतरतं आणि तो विरघळतो. केबल काढायला जाल तर तिच्या अंगाला चिकट, पांढऱ्या कवड्या लागलेल्या असतात. म्हणून केबली कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवाव्यात. पार्सल येणार असेल तर पॉवरचा ठोकळा वेगळ्या खोक्यात पाठवायला सांगा. एकाच खोक्यात सुटा राहिलेला ठोकळा वाटेत कीबोर्डवर आपटून बटणांचे दांडे मोडतो. मशीन हातात आल्यावर चालू असताना कार्ट्रिज किंवा जॉयस्टिक काढू-घालू नका, आणि जॉयस्टिकच्या पिनांना बोट लावू नका. त्या थेट आतल्या चिपला जातात. अंगातली स्थिर वीजही तिला पुरते.

कॅसेटींवर फार वेळ घालवू नका. रेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, हेडवर मळ असतो, आणि गेम चढायला मिनिटंच्या मिनिटं जातात. तो आवाज ऐकत बसायची मजा एकदा घ्यायलाच हवी. रोजच्या वापरासाठी एसडी कार्डवरून फाइली चढवणारी छोटी उपकरणं दोन्ही मशीनना मिळतात.

मी तुमच्या जागी असते तर कमोडोर घेतला असता, दोन अटींवर: किंमत बंद मशीनची, आणि बोर्डाच्या फोटोत एसआयडी जागेवर. तुम्हाला शिकायचंय, आणि शिकण्यासाठी त्याच्याइतकं समजावून सांगितलेलं, सुटे भाग मिळणारं मशीन दुसरं नाही. यातली एक जरी अट मोडली, किंवा महिन्याभरात काहीतरी चालू स्थितीत हवंच असेल, तर स्पेक्ट्रम घ्या आणि चढ्या किमतीची खंत करू नका. ती तुम्ही दुसऱ्याच्या मजुरीला देताय. विकणाऱ्याकडून कमोडोरच्या बोर्डाचा फोटो आला की बोर्डावर छापलेला क्रमांक आणि मोठ्या चिप्सवरचे चार-चार आकडे इथे लिहा. कोणती चिप मूळची आणि कोणती नंतरची, ते त्यावरून सांगता येईल.